भिवंडी ते पुणे, बुंदीच्या डाव्या डोळ्यासाठी

गिनी पिगला गाडीतून एवढ्या लांब कसं न्यायचं, यावर मला मराठीत काहीच वाचायला मिळालं नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय. शिवाय एक गोष्ट मनात खुपतेय, तीही यातच सांगून टाकते.

बुंदी ही गिनी पिग माझ्या लेकीची, सईची. सई शिकायला पुण्याला गेली, हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत, म्हणून बुंदी माझ्या गळ्यात पडली. आमचं घर धामणकर नाक्याच्या मागे, भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना. रुईचे तंतू चहाच्या कपातसुद्धा पडतात. कुणाच्या डोळ्यात रुई गेली की आमच्या गल्लीचा इलाज ठरलेला: ज्याच्या घरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याच्याकडून उरलेले थेंब मागून आणायचे. आमच्या फ्रिजमध्ये सासऱ्यांची बाटली होतीच. बुंदीचा डावा डोळा धुरकट दिसला तेव्हा मी तीच काढली आणि आठ दिवस थेंब घातले. ती डोळा मिटत नव्हती, ओरडत नव्हती. म्हणजे दुखत नसणार, असं मी खुशाल ठरवून टाकलं.

मग सईने व्हिडिओ कॉलवर तिला पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यातल्या एका प्राण्यांच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेतली. "शनिवारी अकरा वाजता. उशीर करू नकोस," एवढंच म्हणाली.

पहाटे साडेपाचला भाड्याच्या गाडीने निघालो. तुम्ही जाणार असाल तर हीच वेळ गाठा, नाहीतर काल्हेरला गोदामांच्या ट्रकमागे अडकलातच. चालक इरफानभाई पूर्वी लूमवर होते. बुंदीच्या टोपलीत डोकावून म्हणाले, "रुई गई होगी, भाभी. हमारे यहाँ तो सबकी आँख में जाती है."

टोपलीत खाली जुना टॉवेल, भरपूर सुकं गवत आणि पाण्याऐवजी काकडीचे तुकडे ठेवा. प्रवास आहे म्हणून तिला उपाशी मात्र ठेवू नका, या प्राण्यांचं पोट सतत चालू राहावं लागतं. एसीचा झोत टोपलीवर नको. घाटाआधी आम्ही साबुदाणा वडा खाल्ला, बरा होता. माझा वडा संपायच्या आत बुंदीने काकडी संपवली.

दवाखान्याच्या दारात सई उभी होती. तिने आधी टोपली घेतली, मग माझी विचारपूस केली.

मॅडमनी बुंदीला टॉवेलात गुंडाळलं. "आज डोळ्यात काही घातलंय? थेंब पडले असतील तर माझं मोजमाप चुकेल."

"नाही," मी म्हणाले. आजच्यापुरतं ते खरं होतं.

"आणि गेल्या काही दिवसांत? घरातलं काही?"

सई माझ्याकडे बघत होती. बाटली माझ्या पर्समध्ये होती, दाखवायलाच आणली होती. "काहीच नाही," मी म्हणाले.

मॅडमनी एक बारीक पिवळा धागा बुंदीच्या खालच्या पापणीत अडकवला. अश्रू लागतील तेवढा तो लाल होतो. उजवीकडचा बोटाच्या पेराएवढा लाल झाला, डावीकडचा जेमतेम टोकाला. धाग्यांच्या गावात जन्म गेला, पण असा धागा मी पहिल्यांदा पाहिला. मग त्यांनी नायलॉनचा केसासारखा तंतू बुबुळाला टेकवला. तो जितका आखूड करावा तितका जास्त टोचतो. उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला मॅडम तंतू आखूड करत गेल्या, तरी पापणी हलली नाही.

"यांच्या डोळ्यांना मुळातच कमी जाणवतं," त्या म्हणाल्या. "मिटत नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. इथे जखम आहे. मोतीबिंदूनंतरचे काही थेंब असल्या जखमेवर पडले तर ती चिघळते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुंदीचा टॉवेल सारखा करत बसले.

तपासणीचे आठशे झाले, औषधं वेगळी. परतीच्या रस्त्यात कुठे थांबलो, काय खाल्लं, ते मला सांगता येणार नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

घरी पोचल्यावर सईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"माहीत होतं, आई," ती म्हणाली. "कॉलवर पिंजऱ्यामागे आजोबांची बाटली दिसली होती. मॅडमना मी शुक्रवारीच कळवलं."

"मग त्यांनी मला का विचारलं?"

"मीच सांगितलं होतं विचारायला. वाटलं, तू सांगशील."

बुंदीचा डोळा वाचला, पण त्यावर पांढरा डाग राहिला. त्या बाजूने आता मी गवत धरलं तर तिला दिसत नाही. बाटली मी फेकून दिली आणि गल्लीत मागायला येणाऱ्यांना आधी डॉक्टरकडे पाठवते. सईचा फोन अजून रोज येतो. बुंदीने खाल्लं का, औषध घातलं का, तू जेवलीस का, सगळं विचारते. फक्त आता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते, आणि मी दोन्ही वेळा उत्तर देते.