अहो, अरे आणि इंग्रजीतला ‘यू’

इचलकरंजीच्या स्टँडवर बाबाने माझ्या बॅगेची चेन उघडली आणि सगळ्यात वरचं पुस्तक बाहेर काढलं. कॉलेजात आम्ही केलेली इंग्रजी कॉमेडी. एक बाई आणि एक पुरुष अंकामागून अंक एकमेकांचा पाणउतारा करतात आणि शेवटी लग्न.

“दिवाणखान्यातली भांडणं,” बाबा म्हणाला. “यांना पगार कोण देतं?”

“अरे, पोरीला विमानात हसू दे की जरा,” आई म्हणाली. बाबाने पुस्तक परत ठेवलं, पण त्यावर यंत्रमाग कामगारांच्या पत्रकांचा गठ्ठा दाबून.

हो, आई बाबाला अरेच म्हणते. बायकोनेच नवऱ्याला अहो का म्हणायचं, यावर बाबाने पत्रक छापलं होतं आणि ते मी शाळेच्या फाटकावर वाटलं होतं. आयुष्यात कुठल्याही नवऱ्याला अहो म्हणायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

सिंगापुरात, पाया लेबारच्या ऑफिसात सगळ्यांना एकच ‘यू’. बॉसला यू, कॉफीवाल्या अंकलला यू. मला वाटलं, इथे क्रांती होऊन गेली, फक्त कुणी पत्रक काढायचं राहिलं.

गणपतीत मराठी मंडळींनी नाटक करायचं ठरवलं, तेव्हा मी ती कॉमेडी मराठीत आणायला घेतली. यिशुनला आमच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या तळमजल्यावर तालमी सुरू झाल्या. बाईचं काम माझं. समोर मिलिंद. रत्नागिरीचा मरीन इंजिनिअर, हार्बरफ्रंटच्या एका कंपनीतला.

पहिल्याच पानावर तो अडला. “ही बाई मला अरे म्हणते?”

“मग? तुम्ही कोण लागून गेलात?”

“मी कोणी नाही हो. पण आत्ताच अरे म्हणाली, तर प्रेमात पडल्यावर काय म्हणणार?”

मी मूळ पुस्तक उघडलं. इंग्रजीने ही सगळी भानगड एका ‘यू’खाली झाकून ठेवली होती.

“बाईच्या तोंडी अहो घालणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“मग दोघांच्याही तोंडी घाला. समान मान, समान अपमान.”

पत्रकात शोभेल असं वाक्य! रागच आला. ते मला सुचायला हवं होतं.

सगळं पुन्हा लिहिलं आणि कळलं, अहोला केवढी धार आहे. “अहो शहाणे, आपली बुद्धी झाकून ठेवा, सर्दी होईल तिला.” “बाईसाहेब, आपण बोलायच्या थांबलात की वारा पडतो.” शेवटच्या प्रवेशात मात्र तिने एकदाच म्हणायचं, “तू जिंकलास.”

तालमीनंतर हॉकर सेंटरवर जेवतानाही तेच चालू राहिलं. “अहो, लक्साचा रस्सा सांडलात.” “आपल्याच कृपेने.” लोक हसायचे, आम्हीही हसायचो. मग कळलं, प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी मिलिंद सहा महिन्यांसाठी जहाजावर निघणार. त्या दिवसापासून तालमीत मला ‘तू’ उच्चारता येईना. खोटं म्हणवत नव्हतं आणि खरं म्हणायला मान आडवा येत होता.

प्रयोगातही तिथेच अडले. मिलिंद वाट बघत उभा. “बाईसाहेब,” तो पदरचं बोलला, “माझी बोट चुकेल.” हशा. पहिल्या रांगेतून एक चिमुरडी इथल्या इंग्रजीत ओरडली, “जस्ट से इट, लाह!”

“जाऊ नकोस,” मी म्हणाले.

हे नाटकात नव्हतं. मिलिंदचा चेहरा उघडाच पडला. “येतो परत,” तो म्हणाला. “तू थांब.” टाळ्या पडल्या, त्या बिचाऱ्या नाटकाला.

तो गेला आणि परत आला. स्काइपवर बाबाने रेकॉर्डिंग पाहिलं. हसता हसता चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, “पण यांना पगार कोण देतं?” वर ‘समान मान, समान अपमान’ पुढच्या पत्रकाला मागून घेतलं. अहोविरुद्ध पत्रक काढणारा हा माणूस हल्ली फोनवर मला विचारतो, “काय हो मुक्ताबाई, जेवलात का?” आणि मागून आईचं हसू ऐकू येतं.

घर सोडून इकडे आलेल्यांनो, तुमचं मला माहीत नाही. मी दिवसभर सगळ्यांची ‘यू’ असते. संध्याकाळी यिशुनच्या फ्लॅटचं दार उघडते, तर आतून मिलिंदचा आवाज येतो, “आलात? उशीर केलात!” मीही तयार असते. “आपल्याला कुणी थांबायला सांगितलं होतं?” मग कधीतरी, जेवणं व्हायच्या आत, दोघांपैकी एकजण हळूच म्हणतो, “दमलीस?” किंवा, “चहा घेतोस?”

तिथे मी घरी पोचते.