बोडीत सोडलेलं गहाणखत

गहाण सुटलं की गहाणखत फाडून बोडीत सोडायचं, अशी आमच्या गावची रीत. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. आमच्या तीन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाटलीणबाईंकडून सुटल्या, तेव्हा बाबांनी आणि त्यांनी मिळून कागद फाडला, पाण्यात सोडला, गूळ वाटला. फाडण्याआधी तो मीच वाचून दाखवला होता. चौथी शिकलेली होते, पण त्यांना थांबवायची अक्कल मलाही नव्हती.

पुढे नवऱ्याने टाकलं आणि मी माहेरी आले. भाऊ नव्हता. बाबा खोकल्याने खंगले, तसा काका बांध्यांवरून फिरू लागला. बांध्या गेल्या असत्या तर मला मजुरीच करावी लागली असती. म्हणून बाबांनी त्या माझ्या नावावर करायचं ठरवलं.

ब्रह्मपुरीच्या कचेरीत कारकुनाने जुनं बुक काढलं. "यावर बोजा आहे."

"सुटलं ना भाऊ ते. कागद फाडला," बाबा म्हणाले.

"तुम्ही तिकडे फाडला. इथं कोणी फाडला? गहाण नोंदवलं, तसं सुटलेलंही नोंदवा लागते. नाईतर बोजा पोरीच्या डोक्यावर जाईल. फाडलेला कागद कुठी आहे?"

"बोडीत."

"मंग बोडीलेच आणा साक्षीले."

दुसऱ्या दिवशी मी पाटलीणबाईंकडे गेले.

"आतं आठवण आली माही?" त्या म्हणाल्या. "गूळ तं तुह्या बापानं बोटभर वाटला होता."

"बाई, कचेरीत चाला. अंगठा द्या."

"तुहा काका काल येऊन गेला. म्हणे, जाऊ नोका."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अशी काऊन पाहून राह्यली? कागद म्याच फाडला होता, साऱ्या गावासमोर. आतं नाई म्हणू? गाडीत गादी टाकजो, माही कंबर दुखते."

गहाण फिटल्याचा कागद झाला. बुकातली नोंद मी स्वतः वाचली, मगच बाबांनी बांध्या माझ्या नावावर केल्या. निघताना कारकून म्हणाला, "हे कागद बोडीत टाकू नोका."

बाबा पावसाळ्यात गेले. तेराव्यानंतर काका दोन माणसं घेऊन अंगणात आला. मी दोन्ही कागद पुढे ठेवले. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने शिक्का पाहिला, अंगठा पाहिला, चहा न घेताच उठला.

त्या साली धान मीच कापलं.