देवरेसाहेबांची पुली

देवरेसाहेबांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि रविवारी सकाळी माझा गाण्याचा वर्ग असे. मुली भैरवाचा कोमल रिषभ लावायला धडपडत आणि नेमके तेव्हाच भिंतीपलीकडे कोणी तरी जीव खाऊन ट्रंपेट फुंकत असे. दोन-तीन रविवार सोसले, मग पदर खोचून शेजारचा जिना चढले.

दार सुमनताईंनी, म्हणजे सौ. देवरे यांनी उघडले. आत पाच-सहा मंडळी सतरंजीवर माना खाली घालून बसली होती. मी तोंड उघडणार तोच ताई कुजबुजल्या, "बसा जरा. बाजू संपू द्या, मग काय ते बोला." त्या घराचा नियमच होता तो. रेकॉर्डची बाजू एकदा लावली की संपेपर्यंत सुई उचलायची नाही, बोलायचे नाही. चहासुद्धा दोन बाजूंच्या मध्ये. भांडायला आलेल्या बाईला मुकाट बसवण्याचा इतका सभ्य उपाय मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बाजू संपली तेव्हा माझा राग निम्मा उतरला होता. साहेबांनी उठून हात जोडले, माझ्या वर्गाची वेळ विचारून घेतली आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांची बैठक माझा वर्ग सुटल्यावर सुरू होऊ लागली. मीही तानपुरा गवसणीत घालून तिकडे जाऊ लागले.

श्री. यशवंतराव देवरे मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात ते टूल रूमचे प्रमुख होते. तिथे एक यंत्र बसवायला अमेरिकेतून एक इंजिनियर आले होते. परत जाताना त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेयर आणि जॅझच्या रेकॉर्डींच्या दोन पेट्या साहेबांना दिल्या. तोवर साहेबांनी जॅझ म्हणून काही ऐकलेले नव्हते. पण वस्तू हाती आली की ती खोलून समजून घ्यायची हा त्यांचा स्वभाव. निवृत्त होईपर्यंत पेट्यांनी आतली खोली भरली. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी रेकॉर्डी आणल्या, सीडी आल्यावर लोकांनी अडगळीत टाकलेल्या मागून आणल्या. प्रत्येक रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्याने धुऊन ताटाळ्यात ताटांशेजारी वाळत ठेवलेली असे. सुमनताई म्हणत, "आमच्याकडे जेवायला ताट हवं असेल तर आधी साहेबांना विचारावं लागतं."

माझ्या गळ्याला गाठी आल्या आणि डॉक्टरांनी महिनोन्महिने मौन सांगितले, तेव्हा वर्ग मोडतो की काय या काळजीने मी खचले होते. साहेब घरी आले आणि म्हणाले, "वर्ग बंद करू नका. मुलींना आमच्याकडे पाठवा. गाता येत नसेल तर ऐकतील." माझा आवाज परत येईपर्यंत माझ्या मुली ट्रंपेट ऐकत बसल्या. एकही मुलगी गळाली नाही. हे उपकार मी विसरलेले नाही.

बैठकीत मनमाडहून गुरव यायचे, रेल्वेतले निवृत्त गार्ड. ऐकून झाले की पसंतीची मान हलवून म्हणायचे, "लय दमानं वाजवता हे लोक. घाई नाय कशाची." मग मी माझी विद्वत्ता पाजळायची, की हा त्यांचा विलंबित असावा. एका गायिकेचा आवाज इतका जाड लागायचा, की पाकिटावर तिचा फोटो नसता तर आम्ही तिला बुवाच समजलो असतो. सुमनताईंचे मत वेगळे होते. "सर्दी झालेली असताना हिला गायला बसवलं कुणी?" आम्ही हसायचो. शंका मात्र कुणालाच आली नाही. आपल्याकडे ज्याचा त्याचा सा. कोण कुठल्या पट्टीत वाजवतो याची चौकशी करायची आपली रीतच नाही.

सुमनताई अल्पशा आजाराने गेल्या. सॅक्सोफोनची एक संथ रेकॉर्ड त्यांची फार आवडती. मेथी निवडताना त्या ती लावायला सांगत आणि बाजू संपेपर्यंत जुडी तशीच हातात राही. शेवटच्या दिवसांतही साहेब त्यांना तीच ऐकवत.

पुढे शहरातल्या एका संगीत मंडळाने साहेबांचे जॅझवर सप्रयोग व्याख्यान ठरवले. पत्रिका वाटून झाल्या. साहेब तोवर गावातले जॅझचे जाणकार म्हणून ओळखले जाऊ लागले होते. त्यांना मदत व्हावी म्हणून पुण्याच्या लेकीने, वैशालीने, सुमनताईंच्या त्याच आवडत्या रेकॉर्डची सीडी पाठवली. साहेबांनी ती लावली आणि लगेच बंद केली. सीडी पळत होती! ते तडक दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, सीडी कधी पळत नाय. तुमची रेकॉर्डच रेंगाळत असंल."

घरी येऊन त्यांनी प्लेयर उलटा केला आणि क्षणात सारे ध्यानात आले. तो प्लेयर अमेरिकेतल्या विजेसाठी बनवलेला. आपल्या विजेचा दाब त्याला जास्त होईल म्हणून त्यांनी तेव्हाच ट्रान्सफॉर्मर लावला होता. पण तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते आणि आपली पन्नास, आणि मोटर त्या हेलकाव्यांवर चालते, हे टूल रूमच्या प्रमुखांच्या मनात आले नव्हते. इतकी वर्षे प्रत्येक रेकॉर्ड संथ फिरली होती. हार्मोनियमच्या हिशेबाने सूर तीन पट्ट्या खाली!

त्यांनी मला बोलावून घेतले तेव्हा ते खुर्चीत मिटून बसले होते. उपाय सोपा होता. तबकडीला फिरवणारी मोटरची पुली, म्हणजे तिच्या टोकाचे छोटे चाक, थोडे मोठे करायचे, की तबकडीचा वेग वाढतो. सातपूरला एका जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर तासाभराचे काम. व्याख्यानाआधी ती गुपचूप बसवली असती तर कुणाला कळलेही नसते. मी तसे सुचवलेसुद्धा.

"लोक हसतील, हसू द्या," साहेब म्हणाले. "बाई, सुमन हे चुकीचंच ऐकून गेली हो. शेवटपर्यंत मीच ऐकवलं तिला." एवढे बोलून त्यांना रडू कोसळले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मला जे सुचले ते मी बोलले. "साहेब, माझ्या गुरूंचा सा माझ्यापेक्षा खाली होता. म्हणून त्यांनी शिकवलेलं खोटं ठरत नाही. ताईंनी मनापासून ऐकलं. ते चुकीचं कसं असेल?" त्यांना पटले की नाही ठाऊक नाही. डोळे पुसून ते नवी पुली करून घ्यायला निघाले.

व्याख्यानाला सभागृह भरले होते. साहेबांनी जुन्या पुलीवर एक रेकॉर्ड लावली आणि पूर्ण बाजू ऐकवली. मग सर्वांदेखत पुली बदलली आणि तीच बाजू पुन्हा लावली. गायिकेची सर्दी गेली होती. तोच ताल आता पायांना बसू देईना. बाजू संपल्यावर साहेब उभे राहिले. एरवी शुद्ध, नेमके बोलणाऱ्या साहेबांच्या तोंडी त्या दिवशी गावची अहिराणी आली. "मनी चूक शे, माझी चूक आहे," ते म्हणाले. "मी तुम्हाला इतकी वर्षं जॅझ समजावून सांगत होतो आणि मीच ते कधी ऐकलेलं नव्हतं."

मागून गुरव उठले. "साहेब, म्हणजे आता सगळ्या पेट्या पयल्यापासून ऐकायच्या का?"

"ऐकाव्या लागतील."

"मंग रविवारी येतो."

लोक हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या रविवारी सतरंजी पुरली नाही, आमच्या घरची न्यावी लागली. नाव जाईल ही भीती मला होती, साहेबांना नव्हती. स्वतःची चूक इतक्या निर्मळपणे मांडणारा माणूस आपल्यात राहतो, याचा आम्हा शेजाऱ्यांना अभिमान वाटतो.

तेव्हापासून खऱ्या वेगातली फेरी सुरू आहे. नव्या पेट्या येतात, जुन्या मागे पडतात, एका बैठकीत मोजक्याच बाजू होतात. सुमनताईंची रेकॉर्ड मात्र साहेबांनी नव्या पुलीवर अजून लावलेली नाही. वैशालीची ती सीडीही त्या दिवसानंतर पुन्हा वाजली नाही. मी एकदा विचारले तर म्हणाले, "ती सगळ्यांत शेवटी ऐकू. सुमननं न ऐकलेलं एकट्यानं ऐकायला अजून धीर होत नाही."

साहेब, आज आपण पंचाहत्तरी पूर्ण करत आहात. आपले कान तीक्ष्ण राहोत, गुडघे सतरंजीवर बसू देवोत आणि प्रकृती ठणठणीत राहो. ती रेकॉर्ड लावायचा दिवस येईल, तेव्हा एकट्याने ऐकायची वेळ आपल्यावर येणार नाही. आम्ही सगळे शेजारी बसलेले असू. पण पेट्या पुष्कळ आहेत आणि आम्हाला कसलीही घाई नाही. तो दिवस आपण खूप खूप लांबवावा, एवढेच मागणे आहे.