रिलीफ मागितला ती दुपार

इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट लावलं की मला टेलिफोन एक्स्चेंजमधली एक दुपार आठवते. कॉल जोडायच्या बोर्डवर बसण्याआधी आम्ही ऑपरेटर हेडसेट स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यायचो. त्या दिवशी मी दोन महिन्यांच्या रजेनंतर परतले होते. घाटकोपरच्या आमच्या चाळीत रजेचं कारण कावीळ सांगितलं होतं. खरं म्हणजे कामाच्या ताणाने एकदा मी रडत रडत चालू कॉलच्या सगळ्या कॉर्डी, म्हणजे बोर्डात खोचलेल्या वायरी, उपटल्या होत्या. पुन्हा असं झालं तर बोर्ड कायमचा सुटेल, असं साहेबांनी बजावलं होतं. थोड्याच वेळात एक गिऱ्हाईक कानात ओरडलं, “सुरतचा कॉल सकाळपासून लावताय बाई, झोपलात काय?” समोर नव्या कॉलचे दिवे भराभर लागत होते आणि माझा हात परत कॉर्डींकडे निघाला. चहाच्या वेळेआधी आमच्यात कुणी रिलीफ, म्हणजे थोडा वेळ बोर्डवरून सुटका, मागत नसे, कारण शेजारणीला दोघींचे कॉल घ्यावे लागत. माझी शेजारीण तर पोटुशी होती. तरी मी म्हटलं, “मला रिलीफ दे गं.” तिने मान न वळवता माझा बोर्ड घेतला. “जा, पाणी पी. पण घरी पळू नकोस हां, बाळंत होईपर्यंत दोन बोर्ड नाही सांभाळणार मी.” जिन्यात उभं राहून मी पाणी प्यायले. खाली उतरून सरळ रिक्षा करावी, असं फार वाटलं. पण आतून तिचा धापा टाकणारा आवाज येत होता. मी परत गेले आणि त्याच गिऱ्हाइकाला सुरत जोडून दिलं. पुढे हात कॉर्डींकडे जाण्याआधीच रिलीफ मागायला शिकले, म्हणून नोकरी टिकली. तिच्यावर भार टाकल्याची टोचणी अजून आहे. पण तशी वेळ आली तर मी आजही मागेन.