पोळा दरवर्षी एकाच तारखेला येतो का?

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मी लागलो तेव्हा बाहेर चपलांची रांग आणि आत दोन मशीन, एवढाच तो विभाग होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आणि माझा खर्डा गावचा जोडीदार, दोघेही नगरला क्लास करून आलेले. गावात आमचा भाव इंजिनिअरच्या वर होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

एक दिवस साहेबांनी, म्हणजे शेतकी अधिकाऱ्यांनी, ती मूठ उघडायला लावली. ज्याची लागण, म्हणजे उसाची लागवड, आधी त्याचा ऊस आधी तुटणार, हा कारखान्याचा नियम. लागण कधी केली ते कारखान्याची माणसं बांधावर जाऊन विचारत. शिकलेले थोडे तारीख सांगत, पण साधा शेतकरी तारीख कशाला सांगेल? तो सांगे, "घटाला केली", "गनपती उठल्याव". ऐकलं तसं लिहिलं गेलं आणि जुन्या मशीनवर इंग्रजी अक्षरांत तसंच टाइप झालं. पोळ्याला कुणी एक एल घातला, कुणी दोन. नव्या मशीनला मात्र दिवस, महिना, वर्ष आकड्यांतच हवं होतं, आणि सणांच्या तारखा करायचं काम साहेबांनी आमच्यावर टाकलं.

त्या नोंदींत माझ्या विधवा आत्याचीही एक होती: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काष्टीजवळ तिचा थोडासा ऊस, आणि विहिरीला पौषापर्यंतच पाणी. पहिल्या पाळीत तुटला नाही तर ऊस उभ्या उभ्या वाळणार. "माझी पाळी तेवढी हुकवू नगंस," तिने मला बजावलं होतं.

कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत पर्ल नावाची भाषा होती. मजकूर चाळून बदलायला तिच्यासारखी दुसरी नाही, असं मासिकात छापलं होतं. आम्ही चाळायला बसलो आणि पहिल्याच दिवशी अख्खी फाइल कोरी झाली. जी वाचायची तीच लिहायला उघडली होती आम्ही, आणि लिहायला उघडलेली फाइल आधी पुसली जाते! फ्लॉपीवर दुसरी प्रत होती म्हणून नोकरी राहिली.

मग एसटीने नगर गाठलं. तिथल्या इंटरनेट कॅफेतून, नवशिके जिथे अडचणी विचारतात अशा एका ईमेल गटाला आम्ही पत्र पाठवलं. आमच्या इंग्रजीत पोळा समजावला: त्या दिवशी बैलांना काम नसतं, पुरणपोळी असते. एकाने कळवलं, आधी माहितीपुस्तिका वाचा. पुस्तिकेत पोळा नव्हता. दुसरा मात्र भला माणूस निघाला, कुठल्या देशातला कोण जाणे. त्याने प्रोग्रामच लिहून पाठवला. डाव्या बाजूला सणाचं नाव, कसंही लिहिलेलं चालेल. उजव्या बाजूची तारीख तेवढी आम्ही भरायची.

तारखा कुठून आणायच्या? साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आपटलं. "ह्यात हायेत की समदे सण. घाला."

आम्ही घातले. प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. जोडीदाराने कॅन्टीनमधून भजी मागवली. तोडणीचा क्रम छापून फलकावर लागला, ऊसतोडीच्या टोळ्या गावोगाव रवाना झाल्या, आणि मग आम्ही त्या भल्या माणसाचे आभार मानायला नगरला गेलो.

तिथे त्याचं आणखी एक पत्र येऊन पडलं होतं. एक विचारायचं राहिलं, त्याने लिहिलं होतं. हा बैलांचा सण दरवर्षी एकाच तारखेला येतो का?

लागण गेल्या वर्षीची, वर्ष आम्ही तेच घातलं, पण दिवस आणि महिना उचलला तो भिंतीवरच्या चालू वर्षाच्या कॅलेंडरातून! चालू वर्षी अधिक महिना आलेला, सगळे सण पुढे सरकलेले. आमच्या फाइलीत गेल्या वर्षीचा ऑगस्टमधला पोळा सप्टेंबरात जाऊन बसला होता. ज्यांनी तारीख सांगितली ते पुढे राहिले, ज्यांनी सण सांगितला ते मागे ढकलले गेले. मला राग आला तो त्या परदेशी माणसाचाच. एवढं सुचलं होतं तर आधी विचारायचं ना!

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "टोळ्या फडात उतरल्यात. एकाची पाळी हलवली तर गावंच्या गावं हलतील. कॉम्प्युटरनं काढलंय म्हनून सांगितलंय लोकांना. आता तोच चुकला म्हनून कुन्या तोंडानं सांगू?"

मी भांडलो, हातापाया पडलो. काही उपयोग झाला नाही. जागेवर येऊन गेल्या वर्षीच्या तारखा घातल्या आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. आत्याचं नाव भराभर वर सरकलं, पहिल्या पाळीत जाऊन बसलं. जोडीदार म्हणाला, "आता बंद कर की." मी बराच वेळ ते नाव बघत राहिलो, मग बंद केलं.

आत्याकडे टोळी आली ती माघ उलटल्यावर. विहीर कधीच आटली होती, उसाला तुरे आले होते, पाचट नुसतं खडखड वाजत होतं. मी बांधावर गेलो. मनात होतं, तिने चार शिव्या घालाव्यात. तिने घातल्या नाहीत. मी कॅलेंडरचं, अधिक महिन्याचं सगळं सांगितलं, ते तिने ऐकून घेतलं.

"मशिनीला ठावं नसंल रं," ती म्हणाली. "पर त्या पोळ्याला माझी बैलं कुनी धुतली? तूच ना? दुसऱ्या दिशी सरीत बेणंबी तूच टाकलंस."

"व्हय आत्या," मी म्हणालो. शिंगंही मीच रंगवली होती.