सीमेवरची बाई

परवा ऑफिसात प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुलीने माझं जन्मसाल विचारलं आणि ती अडखळली. तिच्याकडे जुन्या पिढीसाठी निळी आणि नव्या पिढीसाठी पिवळी स्टिकरं होती. "मॅडम, तुम्ही अगदी सीमेवर आहात," असं हसत म्हणून तिने माझ्या पदरावर दोन्ही चिकटवली. सगळे हसले. मीही हसले.

मग साहेबांनी कामं वाटली. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम अनुभवी निळ्यांना, नव्या संगणक प्रणालीचं पिवळ्यांना. मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही दोघांनाही सांभाळून घ्या ना!" साहेब कौतुकाने म्हणाले.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुला अजून काय कळतंय?" हे ऐकत मी तिशी ओलांडली. चाळिशी लागली न लागली तोच "तुम्हाला आता कुठे जमणार?" सुरू झालं. मग माझे दिवस होते तरी कधी? थोरांचा मान राखायचा आणि धाकट्यांचे रुसवे काढायचे, एवढ्यासाठीच का मी मधल्या साली जन्मले?

मी उठून उभी राहिले. "साहेब, मला सांभाळायचं नाही. मला काम हवंय. त्या नव्या प्रणालीची प्रमुख मला करा. गेलं वर्षभर तिच्या चाचणीतल्या चुका मीच दुरुस्त करतेय."

साहेबांनी कागदावरचं एक नाव खोडून माझं लिहिलं. "आधी सांगायचं ना," ते म्हणाले.

वर्षभर समोर बसलेली बाई दिसायलासुद्धा आधी सांगावं लागतं, याचा राग घरी पोचले तरी उतरला नव्हता.