आजोबांच्या फोटोतली लांडोर

पक्षीवाल्यांनो, आज दुपारी आसेगावला म्हाताऱ्या आत्याकडे गेलो होतो. तिनं चाळीसच्या दशकातला आजोबांचा फोटो काढून दाखवला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात उलटा लटकलेला मोठा पक्षी. घरात सगळे त्याला लांडोरच म्हणतात.

मी मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. डोक्यावर लांडोरीचा तुरा नाही, चपटी काळी टोपी आहे. मान लांब, फिकट. माळढोक. इतकी वर्षं माळ तुडवून मला एकदाही न दिसलेला.

छातीवर नराचा काळा पट्टा नव्हता. मी मोठ्या हुशारीनं म्हणालो, "आत्या, हे मादी होय."

आत्यानं फोटो हातात घेतला.

"हे मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच माळावर मले एक अंडं सापडलं होतं," ती म्हणाली. "लहान होती मी. मोराचं समजून आणलं अन् खुडूक कोंबडीखाली ठेवलं. रोज जाऊन पाहात होती. फुटलंच नाई."

मग तिनं फोटोवर बोट ठेवलं. "हिचंच होतं का रे ते?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?